डफडं, ड्रम आणि शोभाबाईंचा आवाज

मार्च महिना लागला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून एक वाद हमखास सुरू होतो. जयंतीला डीजे लावायचा की नाही? ज्येष्ठ मंडळी म्हणतात, डीजे म्हणजे धिंगाणा, त्यात बाबासाहेब कुठे आहेत? पोरं म्हणतात, वर्षातून एक दिवस आमचा असतो, तोही तुम्हाला बघवत नाही. दोघांच्याही तोंडी एक शब्द सारखा येतो, 'आपलं संगीत'. आपलं म्हणजे नेमकं कोणतं, हे मात्र कोणी थांबून विचारत नाही. वामनदादा आपले, कव्वालीचे मुकाबले आपले, प्रल्हाद शिंदे आपले, हे ठरलेलं आहे. शास्त्रीय संगीत प्रस्थापितांचं, हेही ठरलेलं. आणि रॉक? तो तर गोऱ्यांचा गोंगाट, इंग्रजी शाळेतल्या पोरांचा षौक. ही वाटणी कोणी केली, कधी केली आणि त्यात आपल्या वाट्याचं किती गेलं, याचा हिशेब मांडायला काय हरकत आहे?

हा हिशेब डोक्यात शिरला तो एका अल्बममुळे. आमच्या बनोशाच्या वस्तीतला एक पोरगा पुण्यात नोकरीला आहे. तो उन्हाळ्यात दर्यापुरात आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, तुम्ही गाण्याचे शौकीन, हे एकदा ऐका." त्याने माझ्या मोबाईलमध्ये एक अल्बम टाकून दिला. नाव 'उस्फ्रेट'. वाजवणारा त्रिलोक गुर्टू, साल १९८८, काढणारी कंपनी जर्मनीतली सीएमपी. पहिल्याच तुकड्याचं नाव 'शोभारॉक'. मी म्हटलं, ही शोभा कोण? पोरगा म्हणाला, "त्याची आई. शोभा गुर्टू."

वाचकहो, शोभा गुर्टू हे नाव माझ्या पिढीला रेडिओमुळे माहीत आहे. ठुमरीची सम्राज्ञी म्हणून त्यांचा लौकिक होता. १९७८ च्या 'मैं तुलसी तेरे आंगन की' या चित्रपटातलं त्यांचं गाणं गाजलं होतं. त्यांचा जन्म १९२५ चा, म्हणजे हा अल्बम निघाला तेव्हा बाई त्रेसष्ट वर्षांच्या. त्रेसष्टाव्या वर्षी बाई रॉकमध्ये काय करतात, या कुतूहलानेच मी कानात इअरफोन घातले.

खरं सांगायचं तर पहिली काही मिनिटं कान गोंधळले. आपला कान केरव्यावर वाढलेला. आठ मात्रा, ठेका बसला की मान आपोआप डोलते आणि कोरसला टाळी कुठे द्यायची हे सांगावं लागत नाही. इथे मान डोलायला जावी तर ठेका निसटतो. खाली इलेक्ट्रिक बास घुमतो, ड्रम आणि तबला एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे वाजतात, आणि या सगळ्या गदारोळातून बाईंचा आवाज येतो. तो जराही घाबरलेला नाही. बैठकीत तक्क्याला टेकून गाताना असावा तसाच भारदस्त, घोगऱ्याकडे झुकणारा, शब्दाला लाडाने वळण देणारा. भोवती एवढं तुफान आणि बाई मात्र आपल्या घरी आहेत. तो तुकडा मी लागोपाठ चार वेळा ऐकला. चौथ्या वेळी सम सापडली असं वाटलं. पाचव्या वेळी ती पुन्हा हरवली.

या संगीताला काय म्हणावं यावर जाणकारांत एकमत नाही. कोणी जॅझ म्हणतं, कोणी फ्यूजन. मला तो प्रयोगशील रॉकचा सख्खा भाऊ वाटतो. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी काही पोरांनी तीन मिनिटांच्या नाचगाण्याला कंटाळून लांब लांब तुकडे रचायला घेतले. एका तुकड्यात तीन-तीन चाली, मधेच लय बदलायची, आठाऐवजी पाच किंवा सात मात्रांत वाजवायचं. किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम १९६९ चा, पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' १९७३ चा. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. पिंक फ्लॉइडचं त्या अल्बममधलं 'मनी' हे गाणं सात मात्रांत आहे म्हणून तिकडे त्याचं मोठं कौतुक. आपल्याकडे सात मात्रांच्या तालाला रूपक म्हणतात, आणि गावातला साधा तबलजीही तो वाजवतो. म्हणजे ज्याला तिकडे अवघड समजतात त्याची चव आपल्या कानाला आधीपासून आहे. फक्त ती आपलीच चव आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

जर्मनीत अशाच प्रयोगांची निराळी लाट होती. म्युनिकमध्ये १९६९ ला निघालेल्या 'एम्ब्रियो' या बँडबरोबर त्रिलोक गुर्टूंनी सत्तरच्या दशकात वाजवलं. १९५१ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस लहानपणापासून तबला शिकलेला. त्यांचा ड्रमसेट पाहण्यासारखा आहे. उंच स्टुलावर बसायचं नाही, जमिनीवर अर्धे गुडघे टेकून वाजवायचं. तबला, झांजा, शिंपल्या-कवड्या आणि पाण्याने भरलेली बादली, सगळं हाताच्या अंतरावर. वाजती झांज बादलीत बुडवली की तिचा सूर वाकतो. ही करामत महागड्या यंत्राची नाही, पाण्याची आहे.

आता शोभाबाईंकडे येतो, कारण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तिथे आहे. गुर्टू हे त्यांचं सासरचं आडनाव. माहेरच्या त्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा. आई मेनकाबाई शिरोडकर गोव्याच्या कलावंत परंपरेतल्या, व्यवसायाने नर्तकी आणि गायिका. गोव्याच्या कलावंतांचं जिणं काय होतं ते चळवळीच्या वाचकाला फोड करून सांगायला नको. देवळाच्या सेवेच्या नावाखाली बाईला बांधून टाकायचं, तिच्या गळ्याचा आणि देहाचा उपभोग घ्यायचा आणि तिच्या लेकरांना बापाचं नाव द्यायचं नाही. धर्माने मान्य केलेली ही गुलामगिरी होती. त्या समाजातून राजाराम पैंगणकरांसारखी माणसं उठली, गोमंतक मराठा समाज म्हणून लोक संघटित झाले, आणि त्यांनी पोरींच्या पायातले चाळ उतरवून हाती पाटी दिली. ब्रिटिश मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ चा. आणि १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, वाघ्ये यांच्यासमोर भाषण केलं, ही लाजिरवाणी वाट सोडा असं स्पष्ट बजावलं. त्या सभेत बाबासाहेबांनी कोणाचीही भीडभाड ठेवली नाही.

मग गाणं कुठून आलं? मेनकाबाई गाणं शिकल्या ते अल्लादिया खाँसाहेबांकडे, आणि अल्लादिया खाँ कोल्हापूरला स्थिरावले ते राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या बायका याच खाँसाहेबांच्या शिष्या. शोभाबाईंची स्वतःची तालीम खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाली. १९०२ साली पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढणारा राजा, त्याच्या दरबारचा मुसलमान उस्ताद, त्या उस्तादाकडे शिकलेली कलावंतीण, तिची लेक आणि त्या लेकीचा लेक. 'शोभारॉक'च्या पाठीमागे ही ओळ उभी आहे. शास्त्रीय संगीत म्हणजे 'त्यांचं' असं आपण म्हणतो तेव्हा या सगळ्यांना आपण फुकटात देऊन टाकतो. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत सोन्याच्या तबकडीवर अंतराळात गेला, ही बातमी सगळ्यांनी अभिमानाने छापली. केसरबाई कोणत्या समाजातून आल्या, हे किती जणांनी छापलं?

याच अल्बमवर ट्रम्पेट वाजवणारा माणूस आहे डॉन चेरी. १९३६ साली अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात जन्मलेला, बाप कृष्णवर्णीय, आई चॉक्टॉ या मूळनिवासी जमातीची. आता रॉकचा इतिहास बघा. रॉक गोऱ्यांचा नाही. तो निघाला ब्लूजमधून, आणि ब्लूज निघाला कापसाच्या मळ्यांतल्या गुलामांच्या कण्हण्यातून. कापूस म्हटलं की वऱ्हाडी माणसाचा कान टवकारलाच पाहिजे. १९६० च्या दशकात इंग्लंडची गोरी पोरं गिटार घेऊन जगभर गाजली, त्यांचे गुरू शिकागोचे आणि मिसिसिपीचे काळे गायक होते. 'हाउंड डॉग' हे गाणं आधी बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईने गायलं. १९५६ साली ते एल्विस प्रेस्लीने गायलं आणि जगाला वाटलं त्याचंच आहे. त्याच वर्षी आपण नागपूरला होतो.

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी स्टोनो नदीकाठी उठाव केला. ढोल वाजवत ते चालून गेले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायची आणि वाजवायची बंदी केली. ढोलाचा आवाज म्हणजे निरोप, ढोलाचा आवाज म्हणजे जमाव, हे मालकाला बरोबर कळलं होतं. मग त्या लोकांनी मांड्यांवर, छातीवर, जमिनीवर थापा मारून ताल जिवंत ठेवला.

आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. तिकडे ढोल हिसकावून घेतला, इकडे तो गळ्यात अडकवला. वऱ्हाडात लग्न असो की मयत, डफडं वाजवणारा गावकुसाबाहेरचा. प्रामुख्याने मातंग बांधवांकडे हे काम, कित्येक गावांत महारांकडेही. मेलेल्या जनावराचं कातडं काढणारे आपण, कमावणारे आपण, वाद्यावर चढवणारे आपण, उन्हात वरातीपुढे वाजवणारेही आपणच. आणि जेवायच्या वेळी उकिरड्याजवळची पंगत. दक्षिणेत टी. एम. कृष्णा या गायकाने मृदंग बनवणाऱ्या दलित कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. २०२० साली त्याच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने दिलेली सभागृहाची परवानगी काढून घेतली आणि कार्यक्रम दुसरीकडे करावा लागला. मृदंगाला गाईचं कातडं लागतं, ते कोण काढतं, कोण घासतं, हे पुस्तकात आहे. एवढंच सांगितलेलंही सोसलं नाही.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी तो मोबाईल घेऊन आमच्या वस्तीतल्या एका आबाजींकडे गेलो. आबाजींनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. त्यांचे वडील खारपाणपट्ट्यातल्या एका गावात डफडं वाजवायचे. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते खाली ठेवलं ते ठेवलंच. मी आबाजींच्या कानात इअरफोन घातले. बराच वेळ ते डोळे मिटून होते. मग म्हणाले, "थे बाई कोन व्हय?" मी सांगितलं. "अन् वाजवते थो?" तिचा लेक, म्हटलं. आबाजींची बोटं खाटेच्या पाटीवर हलायला लागली होती. मला जो ठेका पाच वेळा ऐकून सापडला नव्हता, तो बोटांना सापडला होता की नाही हे मी विचारलं नाही. मी विचारलं ते असं, आबाजी, तुमच्या वडिलांनी वाजवणं सोडलं, आता आपणच या ढोलाचं कौतुक करायचं का?

आबाजींनी इअरफोन काढले. "गुरुजी, आमच्या बुढ्यानं वाजवनं नाई सोडलं. बलावलं का जानं, थे सोडलं."

या उत्तरावर मी त्या रात्री फार वेळ विचार केला. गावकी सोडणं हा आपला विद्रोह होता आणि तो शंभर टक्के योग्य होता. त्याविषयी शंकाही घेता कामा नये. परंतु गावकीबरोबर वाद्यही अपवित्र ठरवून आपण अडगळीत टाकलं, आणि तेच वाद्य आता महागड्या शिबिरांतून 'लोकवाद्य' म्हणून शिकवलं जातं. शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण, ते बघून या. तामिळनाडूतल्या आपल्या बांधवांनी वेगळी वाट धरली. परई हे मयतीचं वाद्य त्यांनी स्वतः हाती घेतलं आणि मयतीतून मंचावर आणलं. २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा राहिला, त्यात गाना, रॅप आणि रॉक एकत्र आले. नावही त्यांनी उगाच घेतलं नाही. तामिळ बौद्ध विचारवंत अयोथी थास यांनी जातीविरहित तामिळ हा शब्दप्रयोग केला होता, तिथून ते आलं आहे.

'उस्फ्रेट'चं मात्र तसं नाही, हेही नोंदवलं पाहिजे. त्या अल्बममध्ये जातीवर अवाक्षर नाही. शोभाबाईंनी बंड पुकारलं असा दावा मी करणार नाही. युरोपच्या श्रोत्याला भारत म्हटला की योग, अध्यात्म, उदबत्ती एवढंच हवं असतं, आणि अशा अल्बमांची विक्रीही बरीचशी त्याच वासावर होते. त्या गळ्यामागचं देऊळ आणि देवळामागची गुलामी कव्हरवर छापली जात नाही. म्हणून आपण ती माहीत करून घेऊन ऐकायचं. आणि एवढं माहीत असून ऐकलं की एक गोष्ट लख्ख ऐकू येते. ज्या परंपरेतल्या बाईने जहागीरदाराच्या फर्माइशीवर गायचं, त्या परंपरेची लेक इथे कोणाच्या फर्माइशीवर गात नाही. शेजारी गुलामांच्या वंशातला माणूस ट्रम्पेट घेऊन उभा आहे. तोही कोणाच्या वरातीपुढे वाजवत नाही.

प्रयोग हा शब्द ऐकून आपल्यातल्या काहींना हे परकं वाटेल. त्यांनी आपला जलसा आठवावा. तमाशाचा साचा घेऊन त्यातला गण आणि गवळण काढून टाकायची आणि तिथे समतेचा विचार ठेवायचा, हा भीमराव कर्डकांच्या काळात प्रयोगच होता. वामनदादांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी सिनेमाच्या चाली, कव्वालीची टाळी, लोकगीताचा ठसका जे हाताला लागलं ते घेतलं आणि त्यातून भीमगीत उभं केलं. शुद्धतेची काळजी ज्यांना होती त्यांनी ती वाहिली. आपल्याला निरोप पोहोचवायचा होता. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ते विलायती वाद्य आहे, आपलं नाही, असं त्यांना सांगायला कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. 'उस्फ्रेट'मध्येही व्हायोलिन आहे, एल. शंकर यांचं. वामनदादा गेले १५ मे २००४ ला आणि शोभाबाई त्याच वर्षी २७ सप्टेंबरला. एकाच वर्षात दोन आवाज थांबले. एकाला आपण आपला म्हटलं, दुसऱ्याकडे आपण कान दिला नाही.

पुण्याचा पोरगा परत जायच्या आधी रविवारी आम्ही विहाराच्या ओट्यावर स्पीकर लावून 'शोभारॉक' वाजवलं. पंधरा-वीस जण होते. दोघे-तिघे अर्ध्यावर उठून गेले, एकाने हे काय भांडे पडल्यासारखं असं म्हटलं, ते चालायचंच. पण अकरावीतली एक मुलगी शेवटपर्यंत बसली. तिचे वडील गवंड्याच्या हाताखाली जातात. ती बाकावर दोन्ही हातांनी ताल धरत होती आणि चुकली की थांबून पुन्हा धरत होती. नंतर जवळ येऊन म्हणाली, "सर, हे वाजवाले कुठी शिकवतात?"

ड्रम शिकायचा तर अमरावती गाठावी लागते. पन्नासेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, एसटीचं भाडं, वर फी. त्या घराला ते झेपणारं नाही. म्हणून जयंती समितीपुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. डीजेवर दोन रात्रींत जो पैसा उडतो त्यातल्या एका रात्रीच्या पैशात एक जुना ड्रमसेट, दोन डफडी आणि एक तबल्याची जोडी विहारात आणावी. शिकवायला अमरावतीहून महिन्यातून दोनदा कोणी येईल का, ते बघतो म्हणून पुण्याच्या पोराने कबूल केलं आहे. डफडी नीट कशी शेकायची ते सांगायला आबाजी तयार आहेत, फक्त म्हणतात की उन्हाळ्याच्या आत करा, माझा भरवसा नाही.

समितीत विरोध झाला. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "ज्यासाठी आपल्या बापजाद्यांनी लाथा खाल्ल्या, ते डफडं तुम्ही बुद्धाच्या विहारात आणता?" त्यांचा राग खोटा नाही. त्यांच्या वडिलांना वरातीतून चाबकाने मारल्याचं त्यांनी लहानपणी पाहिलं आहे. मी आबाजींचं वाक्य त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी मतही दिलं नाही. पाच बाजूने, पाच विरोधात. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि त्या बैठकीला आबाजींना रिक्षा करून आणायचं असं त्या ज्येष्ठ सदस्यांनीच सुचवलं आहे.